ग्रुपच्या पोटात अंतर असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१६ एप्रिलच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत छोट्या रेल्वेच्या छंदावर पानभर लेख आला होता. फोटो छान होते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी, तिचे चौदा डबे, चारशे पाहुणे, तीन इंजिनं, हे सगळं दरवर्षीप्रमाणे यंदाही आलं आणि ठाण्याच्या बाजूचं माणूस म्हणून मला ते दरवर्षी आवडतं. माझी तक्रार शेवटून दुसऱ्या परिच्छेदाबद्दल आहे. तिथे असं लिहिलंय, की आता कॉम्प्युटरवर रुळांचे तयार साचे मिळतात, ते ‘ग्रुप’ करायचे (म्हणजे एकत्र बांधून टाकायचे), उचलून हवे तिथे ठेवायचे, आणि अर्ध्या तासात बोरीबंदर ते ठाणे मार्ग आखून तयार!

अर्धा तास त्या पहिल्या गाडीलासुद्धा पुरला नव्हता हो.

आधी साधा हिशेब. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर. छंदवाल्यांचं सगळ्यात रुळलेलं माप एचओ, म्हणजे १:८७. त्यात हा मार्ग ३९० मीटर होतो. त्याहून लहान एन माप, १:१६०, घेतलं तरी २१२ मीटर. बारा डब्यांची आपली खरी लोकल याच्यापेक्षा थोडीच लांब असते. म्हणजे खेळातला मार्ग मांडायला जवळजवळ एका खऱ्या लोकलएवढी जागा हवी. लेखकाच्या घरी ती असेल तर मला बघायला बोलवावं, मी डबा घेऊन येईन.

पण मला लिहायचंय ते त्या ‘ग्रुप’ शब्दाबद्दल. मी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे आराखडे गिरवून काढणारी, म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. (पदाच्या नावात शेवटपर्यंत ‘मन’च राहिलं. आम्ही तिघी बायका होतो, त्यावर हसायचो.) आयुष्याची सदतीस वर्षं यार्डांचे आराखडे काढण्यात गेली. सुरुवातीला ट्रेसिंग क्लॉथ, काळी शाई आणि रुलिंग पेन. चूक झाली की ब्लेडने खरवडायचं, आणि खरवडलेल्या जागी शाई फुटू नये म्हणून नखाने घासून गुळगुळीत करायचं. प्रिंट निघायची ती अमोनियाची. त्या खोलीतून बाहेर आलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी; नवीन मुलीला वाटायचं, साहेब ओरडले वाटतं. वळणं काढायला लाकडी पेटीत पट्ट्यांचा संच असायचा, त्याला ‘रेल्वे कर्व्ह’च म्हणतात. दुकानात अजून मिळतो की नाही कोण जाणे.

सांधा दर वेळी नव्याने काढत बसणं परवडायचं नाही. सांधा म्हणजे जिथे एका रुळाचे दोन होतात ती जागा. आपल्याकडे ‘सांधा बदलणं’ हा वाक्प्रचार तिथूनच आलाय, तरी हल्लीची मुलं ‘पॉइंट’ म्हणतात. तर आम्ही सांध्यांचे साचे करून ठेवले होते. एक्स-रेची जुनी फिल्म गरम पाण्यात सोडा टाकून भिजवायची, वरचा काळा थर घासून काढायचा, की स्वच्छ, निळसर, लवचीक पत्रा मिळायचा. त्यावर १ बाय १२चा सांधा, १ बाय साडेआठचा सांधा, डावा, उजवा, असे कोरून कापायचे. १ बाय १२ म्हणजे बारा फूट पुढे गेल्यावर एक फूट फाकणारा. त्याचा कोन ४ अंश ४५ मिनिटं ४९ सेकंद. साडेआठचा ६ अंश ४२ मिनिटं ३५ सेकंद. घरच्यांचे फोन नंबर मला पाठ नाहीत, हे आहेत.

आता माझी पहिली चूक सांगते, कारण आपल्या लेखाचं सगळं दुखणं त्या चुकीत आहे.

शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन रुळांवरून गाडी इकडची तिकडे जावी म्हणून समोरासमोर दोन सांधे टाकतात आणि मधे तिरका रूळ जोडतात. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. यार्डात असे दहा-बारा तरी असतात. दर वेळी दोन साचे धरून जुळवायचा मला कंटाळा आला. एका दुपारी मी दोन फिल्मचे तुकडे बरोब्बर जुळवले आणि वरून सेलोटेप मारली. झाला माझा ग्रुप. ठेव, गिरव, उचल, पुढे ठेव. आठवड्याचं काम दोन दिवसांत झालं. मी खूश, शेजारची टेबलं खूश, माझी फिल्म उसनी मागायला लागली.

मग दुसऱ्या एका यार्डाचा आराखडा आला. हेड ड्राफ्ट्समन साहेबांनी माझं ट्रेसिंग उजेडावर धरलं, स्केल लावलं, आणि माझ्या ड्रॉवरमधून ती फिल्म काढून टेप टर्रकन ओढली.

‘बाई, ह्याच्या पोटात किती अंतर आहे?’

मला प्रश्नच कळेना. पोटात कसलं अंतर?

ते असं. ज्या आराखड्यावर मी ती फिल्म जुळवली होती, तिथे शेजारच्या दोन मार्गांमधलं, म्हणजे रुळांच्या दोन जोड्यांमधलं, अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४.७२५ मीटर होतं. नव्या आराखड्यात ५.३ मीटर. क्रॉसओव्हरची लांबी या अंतरावर ठरते. ४.७२५ला बाराने गुणा, ५६.७ मीटर. ५.३ला बाराने गुणा, ६३.६ मीटर. जवळपास सात मीटरचा फरक, आणि १:१००० च्या कागदावर सात मिलिमीटर. माझी फिल्म वरच्या रुळावर नीट बसवली की खालचा सांधा रुळाला लागत नव्हता, आणि मी काय केलं होतं, तर पेनने जरासा ‘हात फिरवून’ तो लावून घेतला होता. कागदावर पाव इंचाची थाप. जागेवर गेली असती तर सात मीटरची.

साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘दोन सांधे चिकटवलेस ते ठीक. त्यांच्याबरोबर तिसरी एक गोष्ट चिकटवलीस, ती तुला दिसली नाही.’ नंतर मी फिल्मवर पांढऱ्या शाईने ‘४.७२५’ लिहून ठेवलं आणि दुसरी फिल्म ‘५.३’ची केली. साहेबांना ते पटलं.

आता इकडच्या गोष्टीकडे येते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा घणसोलीला राहतो आणि ऐरोलीला आयटीत कामाला जातो. लॉकडाऊनमध्ये त्याला छोट्या रेल्वेचं वेड लागलं. त्याने ठरवलं की आपल्या रोजच्या वाटेवरचं काहीतरी करायचं. त्याच्या वाटेवर, म्हणजे ठाणे–तुर्भे मार्गावर (तिथे लोकल सुरू झाली २००४ साली), एक मजेची जागा आहे. तुर्भ्याच्या पुढे रूळ दोन बाजूंना फुटतात, एक सानपाड्याकडून वाशीला, एक जुईनगरकडून नेरूळला. आणि वाशी–नेरूळ हार्बरचा मार्ग आधीपासून तिथे आडवा आहेच. त्यामुळे तुर्भे, सानपाडा, जुईनगर असा रुळांचा त्रिकोण होतो. रोज हजारो माणसं त्याच्या एका बाजूवरून जातात, फोनमधून डोकं वर काढत नाहीत. माझ्या भाच्याने काढलं, याचं मला फार कौतुक आहे.

त्याने एन माप घेतलं, ८ बाय ४ फुटांची प्लायची एक शीट घेतली आणि मला फोन केला, ‘मावशी, तुझ्या त्या फिल्मसारखंच सॉफ्टवेअर आहे बघ, फुकट आहे.’ टेम्प्लॉट नावाचं आहे, इंग्लंडमधलं. रविवारी जाऊन बसले. खरंच माझ्या फिल्मसारखं! त्यात गेज (म्हणजे एकाच मार्गाच्या दोन पट्ट्यांमधली रुंदी) आपण द्यायचा, माप आपण द्यायचं, सांध्याचा कोन आपण द्यायचा. आणि सांधा वळणावर ठेवायचा असेल तर तो वळणासारखा वाकतो, रुळाखालच्या आडव्या स्लीपरसकट. आमच्या फिल्मला हे जमत नव्हतं, मी तिथेच खुर्चीत सरसावून बसले. दुसऱ्या जातीची सॉफ्टवेअरं असतात, त्यात कंपन्यांनी बनवलेले ठरावीक तुकडे एकाला एक जोडत जायचं, मुलांच्या ठोकळ्यांसारखं. पुरवणीतल्या लेखकाने बहुधा तीच पाहिली असावीत. ती वाईट नाहीत. पण तिथेही मी पुढे सांगणार आहे ती भानगड सुटत नाही.

टेम्प्लॉटमध्ये ज्या साच्यावर हात चालू आहे तो एक, आणि बाकीचे केलेले साचे मागे कागदावर पडलेले असतात. या मागच्या साच्यांची एकमेकांशी ओळख नसते. दोन रूळ टोकाला टोक लावून बसलेले दिसतात, पण एक हलवला तर दुसरा जागचा हलत नाही. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांसारखं, भिंत एक पण चूल वेगळी. सिझर म्हणजे दुहेरी क्रॉसओव्हर एका साच्यात होत नाही; चार सांधे आणि मधला डायमंड (दोन तिरके रूळ एकमेकांना छेदतात ती जागा), आणि तो डायमंडही दोन अर्ध्या साच्यांचा. एवढं सगळं जुळवल्यावर वाटलं की हे जरा डावीकडे हवं होतं, तर एकेक हलवत बसलात की मेलात. म्हणून ग्रुप. निवडलेले साचे एकत्र सरकतात, एकत्र फिरतात, त्यांची आरशातल्यासारखी उलटी प्रत निघते. सोय मोठी आहे, माझ्या सेलोटेपची शंभरपट. चूकही शंभरपट.

पहिल्याच दिवशी भाच्याने मोठ्या अभिमानाने दाखवलं की तुर्भ्याच्या बाजूला दोन रुळांमधला क्रॉसओव्हर त्याने पाच मिनिटांत टाकलाय. कसा? तर आधीच्या एका फाईलमधून ग्रुप उचलून आणला. मी चष्मा चढवला. ‘ह्याच्या पोटात किती अंतर आहे रे?’ तो माझ्याकडे तसाच बघायला लागला जशी मी कधीकाळी साहेबांकडे बघितलं होतं.

आधीच्या फाईलमध्ये रुळांमधलं अंतर २८ मिलिमीटर होतं. इथे त्याने ३३ घेतलं होतं, कारण ५.३ मीटरला १६०ने भागलं की ३३ येतात. ते मात्र त्याने बरोबर केलं होतं. पाच मिलिमीटर कमी पडले. मग साहेबांनी (आता साहेब तोच) ग्रुप मधोमध तोडला, अर्धा भाग पाच मिलिमीटर वर सरकवला आणि मधल्या तिरक्या रुळात एक नागमोडी तुकडा घालून टोकं मिळवून दिली. अख्खी शीट स्क्रीनवर बघताना काही कळत नव्हतं. मोठं करून पाहिलं तर जिथे रूळ सुतासारखा सरळ हवा तिथे इंग्रजी एस. गाडी एका सांध्यातून डावीकडे झुकतेय, लगेच उजवीकडे, लगेच डावीकडे. डब्याखालच्या चाकांचा पुढचा संच एका बाजूला, मागचा दुसऱ्या. उतरणारच.

त्याने १ बाय ६चे सांधे घेतले होते. म्हटलं, हिशेब कर. अंतरात ५ वाढले, तर लांबीत ५ गुणिले ६, ३०. अर्धा ग्रुप वर ५ सरकव आणि पुढे ३० सरकव. टोकं एका रेषेत येतील, मधे फक्त सरळ तुकडा लागेल. त्याने तसं केलं. तिरका रूळ ताठ झाला. ‘मावशी, हे सॉफ्टवेअरनेच का नाही सांगितलं?’ सॉफ्टवेअरला काय माहीत, बाबा, तुला तिथे काय हवंय ते. त्याला तू म्हणालास सरकव, त्याने सरकवलं. गँगमनसुद्धा मुकादमाला विचारतो, हे विचारत नाही.

(जाता जाता: खऱ्या मापाचा १ बाय १२ का नाही घेतला म्हणून रेल्वेतले वाचक मला धरतील. त्याच्या वळणाची त्रिज्या साधारण ४४१ मीटर. १६०ने भागली तरी पावणेतीन मीटर, आणि प्लायची शीट आठ फूट, म्हणजे अडीच मीटरलाही कमी. खेळात वळणं आवळावीच लागतात. त्याने एक फुटाची त्रिज्या घेतली, खऱ्या जगात ती ४९ मीटर होईल. लोकल तिथून जाणार नाही, चिमुकली जाते. आणि गेजबद्दल तर बोलायलाच नको. आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, १६०ने भागला की साडेदहाच्या जरा खाली. दुकानात चाकं मिळतात ९ मिलिमीटरची, म्हणजे १४४०, म्हणजे युरोप-अमेरिकेतला स्टँडर्ड गेज. सॉफ्टवेअर साडेदहाचा रूळ काढून द्यायला एका पायावर तयार होतं. चाकं कोण काढून देणार? मी तो दीड मिलिमीटरचा अपमान गिळला. नवी मुंबई मेट्रो मात्र स्टँडर्ड गेजचीच आहे, तिचं मॉडेल करणाऱ्याला ही रडारड नाही.)

त्रिकोणाला ग्रुप खरा उपयोगी पडला, आणि तिथेच कळलं की ग्रुप कुठे तोडायचा हे ठरवायलाच डोकं लागतं. खरा तुर्भ्याचा त्रिकोण काही तिन्ही बाजूंनी सारखा नाही आणि दुहेरी रुळांचा आहे. शीटवर बसवायला भाच्याने एकेरी रुळांचा आणि समान बाजूंचा केला. अशा त्रिकोणाच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन बाजू एकमेकींना अलगद बिलगून एक होतात, आणि मग तिन्ही बाजूंच्या वळणांची बेरीज १८० अंश भरते. समान असतील तर प्रत्येकी ६०. त्याने आधी एकेक बाजू ग्रुप केली होती, टोकापासून टोकापर्यंत, दोन्ही टोकांचे सांधे धरून. मग प्रश्न पडला की कोपऱ्यातला सांधा कुठल्या बाजूचा? दोघींचाही. त्यामुळे प्रत ठेवली की कोपऱ्यात सांध्यावर सांधा बसायचा, एकाखाली एक, आणि खालचा दिसायचा नाही.

मी म्हटलं, बाजू नको, कोपरा धर. मधे वाय आकाराचा एक सांधा, बाहेर जाणारा सरळ रूळ, आणि दोन्ही अंगांना निम्मी-निम्मी बाजू, ३०-३० अंशांची. हा एक ग्रुप. त्याची प्रत काढून १२० अंश फिरव, पुन्हा प्रत काढून २४० फिरव. जोड येतील ते तिन्ही बाजूंच्या मध्यावर, साध्या वळणात, जिथे जोड असला तरी गाडीला काही वाटत नाही. सांध्यात कधी जोड आणायचा नसतो. सांध्याचं सगळं कौशल्य त्याच्या आत असतं, ते फोडायचं नाही. हे मी कुठे वाचलेलं नाही. पन्नास यार्ड काढल्यावर हाताला कळतं.

फिरवताना आणखी एक. कुठल्या बिंदूभोवती फिरवायचं तो आधी ठरवून द्यावा लागतो. भाच्याने डोळ्यांच्या अंदाजाने मधोमध क्लिक केलं. तिन्ही कोपरे छान दिसले, मध्यावरचे जोड मात्र उघडे. १२० अंश फिरवताना केंद्र १ मिलिमीटर चुकलं तर टोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं. नऊ मिलिमीटरच्या रुळात पावणेदोन म्हणजे सरळ गाडी खाली. केंद्र मोजून काढायचं. बाहेर जाणारे दोन सरळ रूळ आत वाढवले की जिथे छेदतात ते. दहावीची भूमिती, पण माउस हातात आला की दहावी कुणाला आठवते?

त्रिकोणाची शेवटची खोड कागदावर दिसतच नाही. रूळ मांडले, गाडी ठेवली, एका बाजूवरून वळली, आणि कंट्रोलरचा लाल दिवा. शॉर्ट. खऱ्या लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते, २५,००० व्होल्ट, आणि रूळ दोन्ही परतीच्या वाटेचे. त्रिकोणात कितीही फिरा, तिला फरक पडत नाही. छोट्या गाडीला वीज रुळांतूनच, एक रूळ अधिक, एक उणे. त्रिकोणातून गेलेली गाडी उलट तोंडाची होऊन येते, म्हणून तर पूर्वी वाफेची इंजिनं फिरवायला असे त्रिकोण वापरायचे. पण तोंड उलटतं तसे रूळही उलटतात, अधिकचा रूळ शेवटी उण्याला जाऊन भिडतो. त्यावर उपाय आहेत. एका बाजूचे दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापून ती बाजू वेगळी करायची आणि तिला दिशा आपोआप उलटणारं यंत्र लावायचं. भाच्याने ते केलं. माझं म्हणणं इतकंच की कोपऱ्याच्या तीन प्रती तंतोतंत सारख्या निघाल्या, तरी विजेच्या हिशेबात त्या सारख्या नव्हत्या. आता आम्ही प्रिंटवर एक रूळ लाल पेन्सिलीने गिरवतो. लाल काळ्याला कुठे भेटतो ते मग लगेच कळतं.

२०२४च्या मे अखेरीस ठाण्यात ६३ तासांचा ब्लॉक होता, आपल्याच पानांवर रोज बातमी होती. प्लॅटफॉर्म ५ आणि ६ रुंद करण्यासाठी रूळ बाजूला सरकवले. लोकांनी हाल सोसले, मीही कळव्याहून रिक्षाने गेले आणि रिक्षावाल्याने तोंडाला येईल ते मागितलं. ब्लॉक संपल्यावर मी मुद्दाम तिकीट काढून प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. पोलिसाने विचारलं, आजी, कुणाला शोधताय? म्हटलं, वळण. रूळ दोन-अडीच मीटर सरकवायचा म्हणजे नुसता प्लॅटफॉर्मसमोरचा सरकवून भागत नाही, दोन्ही टोकांना तो जुन्या रुळात हळूच मिसळावा लागतो, गाडीत उभ्या बाईच्या हातातली पिशवीसुद्धा हलू नये असा. वरची तारही त्याच्याबरोबर न्यावी लागते. हा खरा ग्रुप शिफ्ट. कॉम्प्युटरवर मधला भाग क्षणात सरकतो, आणि दोन टोकं तशीच उघडी राहतात. ती मिळवण्यातच संध्याकाळ जाते. आपल्या लेखकाला अर्धा तास लागला असेल तो बहुधा मधल्या भागाला.

छापायच्या गोष्टीवर फार शाई घालवत नाही. आराखडा मॉडेलच्या पूर्ण मापात ए-फोर कागदांवर छापून, कडा कापून, एकमेकांना चिकटवून प्लायवर पसरायचा असतो. त्रिकोणाची बावीस पानं झाली. भाच्याचा प्रिंटर बिघडलेला, म्हणून मी पेन ड्राइव्ह घेऊन एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. घरी येऊन रूळ ठेवले तर कुठलाच बसेना. दुकानातल्या मुलाने कडा कापल्या जाऊ नयेत म्हणून ‘फिट टू पेज’ केलं होतं. १०० मिलिमीटरची रेघ ९७ भरत होती. बिचाऱ्याने चांगलंच करायला बघितलं. तेव्हापासून प्रत्येक पानावर कोपऱ्यात १०० मिलिमीटरची रेघ ओढते आणि दुकानातच फूटपट्टी काढते. दुकानदार मला ‘मोजणीवाल्या काकू’ म्हणतो.

तर संपादक महाशय, माझी विनंती. ‘तयार साचे’ हा शब्द लेखात तसाच राहिला तर पुढच्या सुट्टीत शिबिरवाले मुलांना पैसे घेऊन अर्ध्या तासाचे ग्रुप शिकवतील, आणि तीन दिवसांनी गाड्या पडायला लागल्या की मुलं सगळंच कपाटावर टाकतील. मला दोन-तीन पालकांनी विचारलंच आहे. शक्य असेल तर एक छोटी दुरुस्ती छापावी: ग्रुप करण्याआधी मुलाने एक क्रॉसओव्हर हाताने काढावा. लागतं काय, एक पेन्सिल, एक फूटपट्टी आणि आलेखाचा कागद. दोन समांतर रेघा, तीन सेंटिमीटर अंतरावर. १ बाय ६. तिरकी रेघ एकीवरून दुसरीवर किती पुढे जाऊन पोचते? अठरा. आता अंतर चार सेंटिमीटर करा. चोवीस. एवढं केलेला मुलगा ग्रुप उचलताना त्याच्या पोटात काय आहे ते विचारतो. माझ्या भाच्याने आता प्रत्येक ग्रुपच्या नावातच अंतर लिहायला सुरुवात केली आहे, ‘क्रॉसओव्हर ३३’, ‘क्रॉसओव्हर २८ वापरू नये’ असं.

सोबत मी हाताने काढलेलं क्रॉसओव्हरचं रेखाटन पाठवते आहे. मूळ प्रत परत पाठवावी, टपालाचा खर्च मी देईन. आणि छापायचं ठरलंच, तर कोपऱ्यातली १०० मिलिमीटरची रेघ कापू नये, आणि छपाईखान्यात कुणी ते रकान्यात ‘फिट’ करायला निघालं तर त्याला मला फोन करायला सांगावं.

आपली,
एक निवृत्त ट्रेसर
खारीगाव, कळवा, ठाणे